बिनकळसाचा शिक्का

या अंकाच्या संपादकांचं आणि माझं जुनं भांडण आहे, ते आधी सांगून टाकते. मी अंबरनाथच्या पोस्टात होते तेव्हा त्यांचा दिवाळी अंक आमच्याकडूनच बाहेरगावी जायचा. एका वर्षी मुखपृष्ठावर नथ घातलेली बाई होती आणि वरचं वेष्टन इतकं तोकडं की तिकीट नेमकं तिच्या गालाला खेटून आलं. तिकिटावर शिक्का मारणं माझं काम. मी मारला. तो अर्धा तिच्या नथीवर बसला. संपादक तावातावाने खिडकीशी आले, "बाई, तुम्ही आमच्या नायिकेच्या तोंडाला काळं फासलंत!" मी म्हटलं, "साहेब, नायिका तिकिटाला गाल लावून बसली तर मी काय करू?" तेव्हापासून आमचं जमलं. यंदा फोन आला, "शेवंताबाई, शिक्क्यांवर तुम्हीच लिहा." म्हटलं, लिहिते, पण अंक पाठवताना तिकिटाला जागा सोडा.

मी पोस्टात पॅकर होते. पॅकर म्हणजे काय, असं मला माझ्या सुनेनेही विचारलं होतं. पोस्टात जी कामं कुणाच्याच टेबलावर नसतात ती सगळी करतो तो पॅकर. टपालाच्या पिशव्या उघडायच्या, बांधायच्या, गाठीवर लाख ओतून सील करायचं, आणि शिक्के मारायचे. बाकीची कामं कुणीही करेल हो, पण शिक्का मारायला हात लागतो. मी बदलापूरकडच्या शेतकऱ्याची पोर, लहानपणापासून भाकऱ्या थापलेल्या. हात तयारच होता. आमचे हे शहाडला कारखान्यात होते, ते म्हणायचे, "तू घरी भाकरी थापतेस आणि तिकडे सरकार थापतेस."

लोकांना वाटतं, शिक्का म्हणजे शिक्का. तसं नसतं. रोजच्या वापराचा असतो तो तारखेचा गोल शिक्का. बाहेर एक कडं, कड्याच्या आत वर-खाली गावाचं नाव आणि पिनकोड, आणि मधोमध तारीख. ही तारीख म्हणजे त्या शिक्क्याचा प्राण. दिवस, महिना, वर्ष यांचे बारके बारके खिळे असतात, उलट्या अक्षरांचे. सकाळी आल्या आल्या स्क्रू ढिला करायचा, चिमट्याने कालचा दिवस काढायचा, आजचा बसवायचा, स्क्रू आवळायचा. मग एका वहीत ठसा उठवून पोस्टमास्तरांना दाखवायचा. त्यांनी सही केली की आजचा दिवस सुरू! कॅलेंडरवर काहीही असो, आमच्याकडे दिवस उजाडायचा तो चिमट्याने.

बाकीचे शिक्के म्हणजे भावकी. तिकीट कमी लावलं असेल त्याला एक वेगळा शिक्का, म्हणजे घेणाऱ्याने भुर्दंड भरायचा. भलत्याच गावी गेलेल्या पत्राला एक, 'चुकून आले' असा. मोठ्या ऑफिसात मशीन असतं, त्याचा शिक्का लांबलचक. एका बाजूला गोल आणि पुढे पाण्याच्या लाटांसारख्या रेघा. त्या लाटा तिकिटावरून गेल्या की ते तिकीट पुन्हा वापरता येत नाही. शिक्क्याचं मूळ काम तेच, तिकिटाला बाद करणं. आणि या सगळ्यांत नवऱ्या मुलासारखा मिरवणारा म्हणजे चित्राचा शिक्का. एखाद्या गावचं देऊळ, किल्ला, पक्षी असं चित्र आणि खाली गावाचं नाव नि तारीख. तो कधी कधी एका दिवसापुरताच निघतो. त्या दिवशी मारला तर मारला, नाहीतर शिक्का परत वर जातो, पुन्हा नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

शिक्का मारायला तीन गोष्टी लागतात. शाईची गादी, टपालाखाली रबराची मऊ गादी, आणि सरळ मनगट. खालची गादी मऊ असली की शिक्क्याचं सगळं तोंड कागदाला सारखं लागतं. मनगट जरा कललं की एक बाजू कोरी राहते. मी नवीन होते तेव्हा माझे सगळे शिक्के वरून कोरे यायचे. उल्हासनगर कॅम्प पाचला आमचे पहिले पोस्टमास्तर फार तिखट. माझी पाकिटं उजेडात धरून ओरडायचे, "शेवंता, हा शिक्का आहे का ग्रहण? बाई, चंद्र पूर्ण उगवू दे की!" सगळं ऑफिस हसायचं. मी घरी जाऊन रद्दीच्या कागदावर सराव केला. पुढे पुढे माझा हात असा बसला की आजूबाजूच्या ऑफिसांतले लोक नव्या पॅकरला सांगायचे, शिक्का बघायचा तर शेवंताबाईंचा बघ. गर्व म्हणा हवं तर. माझ्याकडे मिरवायला दुसरं होतं काय? हुद्दा म्हणावा तर पॅकर.

राखीच्या दिवसांत तर माझी खरी परीक्षा. पाकिटात मणी, खडे, कुंकवाची पुडी, काय काय असतं. वरून धाडकन शिक्का हाणला तर भावाला राखीऐवजी चुरा मिळायचा. मी आधी अंगठा फिरवून बघायची, मणी कुठे आहेत ते, आणि तिकीट त्यावरच असेल तर शिक्का हलकेच टेकवून उचलायची. नवीन मुलं विचारायची, एवढा वेळ कशाला? म्हटलं, बहीण कुणाची का असेना, राखी फोडायचा हक्क आपल्याला नाही.

कॅम्प पाचला आमचे एक गिऱ्हाईक होते, टेकचंद सेठ. जीन्सच्या कारखान्यांना चेन आणि बटणं पुरवायचे. सेठचा एक रिवाज होता. नवीन दुकान उघडलं की त्याच दिवशी त्या दुकानाच्या पत्त्यावर स्वतःच एक पोस्टकार्ड टाकायचे. त्यावरचा तारखेचा शिक्का म्हणजे दुकानाचा जन्मदाखला. कार्ड आलं की फ्रेम करून झुलेलालच्या फोटोशेजारी लावायचे. मला 'अदी' म्हणायचे, म्हणजे सिंधीत ताई. "अदी, साफ मारना हं, दुकान का मुंह है!"

एकदा सेठनी दुकान उघडलं दसऱ्याला. दसऱ्याला पोस्ट बंद! दुसऱ्या दिवशी सकाळीच कार्ड घेऊन हजर. "अदी, एक दिन पीछे घुमा दो ना. स्क्रू ही तो है."

मी म्हटलं, "सेठ, स्क्रू फिरवून तारीख मागे नेता आली असती, तर मी आधी माझं लग्न नसतं का थांबवलं?"

सेठ इतके हसले की चष्मा काढून पुसायला लागले. पण तारीख काही मी मागे नेली नाही. मग सेठनी काय करावं? पुढच्या दुकानाच्या वेळी मुहूर्त काढणाऱ्या महाराजांनाच दम भरला, "महाराज, ग्रह कोई भी चलेगा, पर उस दिन पोस्ट खुला चाहिए!"

सेठचं हसण्यावारी गेलं. पण तारीख मागे ओढायला येणारे सगळे हसत येत नाहीत. एकदा एक मुलगी आली होती, नोकरीचा अर्ज घेऊन. पोस्टात टाकायची शेवटची तारीख काल होती आणि काल तिची आई दवाखान्यात होती. खिडकीच्या गजांना धरून रडत होती बिचारी. माझ्या हातातच शिक्का होता आणि कालचा खिळा समोर डबीत पडलेला. मी नाही मारला. पाणी दिलं, बसवलं, चहा पाजला, पण शिक्का आजचाच मारला. तिचं पुढे काय झालं मला माहीत नाही. आजही आठवलं की जीव चुटपुटतो. पण एकदा शिक्क्याशी खेळलं की मग तो शिक्का राहत नाही, खेळणं होतं. शिक्क्याला हात लावायचा नाही, असा मी कानाला खडाच लावून घेतला होता.

आता वर्तक साहेबांकडे येते. ज्यांच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते हे.

अंबरनाथला बदली झाल्यावर काही दिवसांतच हा माणूस खिडकीशी उभा राहिला. उंच, काडीसारखा, शर्टाच्या खिशात तीन पेन्सिली, आणि बोलणं इतकं हळू की आपणच घसा खाकरावा. हातात स्वतःच्याच पत्त्याचं पाकीट. "बाई, जरा हलका मारता का? पूर्ण गोल आला पाहिजे. थोडा तिकिटावर, थोडा पाकिटावर."

माझं डोकं फिरलं. बाहेर ही रांग, आणि ह्या उंटावरच्या शहाण्याला गोल हवाय! मी म्हटलं, "साहेब, हे पोस्ट आहे, फोटो स्टुडिओ नाही." तरी मारला, आणि चांगलाच मारला. त्यांनी पाकीट डोळ्याजवळ नेलं, तिरकं धरलं आणि म्हणाले, "वा. असा हात बऱ्याच दिवसांनी पाहिला." झालं! कौतुकाला कोण भुलत नाही? तेव्हापासून त्यांची पाकिटं मी रांगेबाहेर घ्यायला लागले.

वर्तक साहेब शिक्के गोळा करायचे. तिकिटं जमवणारे पुष्कळ असतात, यांना तिकिटाशी देणंघेणं नव्हतं. बदलापूर, वांगणी, शहाड, जिथे म्हणून पोस्ट तिथे जाऊन स्वतःला पाकीट पाठवायचे. कुठल्या ऑफिसच्या शिक्क्याचं कडं झिजलंय, कुठला खिळा वाकडा बसतो, सगळं त्यांना ठाऊक. वर्तकवहिनी म्हणायच्या, "लोकांचे नवरे फिरायला जातात ते फोटो काढून आणतात. आमचे हे काळे डाग घेऊन येतात."

साहेब इथल्याच संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत ड्रॉइंग ऑफिसात होते. जन्मभर नकाशे काढले, यंत्रांच्या सुट्या भागांचे. एकदा मी सहज म्हटलं, "साहेब, मला दाखवा की तुमचं एखादं चित्र." ते हसले. म्हणाले, "एकही नाही माझ्याकडे. गेटवर झडती असायची. चिठोरंसुद्धा बाहेर न्यायला बंदी. जे काढलं ते कपाटात गेलं, कपाटाला कुलूप. माझी मुलगी लहानपणी शाळेत सांगायची, माझे बाबा काहीच करत नाहीत."

हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. मी उगाच शाईची गादी पुसत राहिले.

निवृत्त झाल्यापासून ते एकच चित्र काढत होते, आपलं शिवमंदिर. वालधुनी नदीच्या काठाला घडीची खुर्ची टाकून बसायचे. कधी आषाढातल्या ढगांखाली, कधी श्रावणातल्या गर्दीत. ज्यांनी हे देऊळ पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. काळ्या दगडाचं, भिंतीभर कोरीवकाम, आणि गाभारा जमिनीखाली. पायऱ्या उतरून पिंडीपर्यंत जायचं. आणि मान वर केली की थेट आकाश! डोक्यावर शिखरच नाही. आमच्याकडे म्हणतात, पांडवांनी हे एका रात्रीत बांधायला घेतलं, कोंबडा आरवला आणि कळस राहून गेला. शिकलेले लोक दुसरं काही सांगतात. काही असो, देवाच्या डोक्यावर आभाळ आहे, आणि म्हणूनच तो आमचा अंबरनाथ.

एक दिवस साहेब आले ते जवळजवळ धावत. गावातल्या तिकिटं जमवणाऱ्यांची एक मंडळी होती. त्यांनी एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन ठरवलं होतं, आणि त्या दिवसापुरता देवळाच्या चित्राचा शिक्का खात्याने मंजूर केला होता. चित्र वर्तक साहेबांचं! त्यांनी मला कागद दाखवला. गोल कड्यात देऊळ, खाली 'अंबरनाथ' आणि तारीख. वरचा भाग नुसता कोरा.

"इथे वर काही लिहायचं नाही?" मी विचारलं.

"सगळे मागे लागले होते. मंडळाचं नाव टाका, प्रदर्शनाचं नाव टाका. मी म्हटलं, नाही. वर आकाश आहे. ते मी मुद्दाम सोडलंय." मग म्हणाले, "शेवंताबाई, हे माझं पहिलं ड्रॉइंग आहे, जे गेटच्या बाहेर जाणार."

शिक्का मारायला कोण? अर्थात मी. माझीही निवृत्ती जवळ आली होती. आमचे पोस्टमास्तर साळवी म्हणाले, "बाई, जाता जाता षट्कार मारा." मी तर त्या दिवशी पैठणी नेसणार होते, सुनेने शाईची आठवण करून दिली म्हणून साधी साडी नेसले.

प्रदर्शनाच्या सकाळी साळवी मास्तर शिक्क्याची सीलबंद डबी घेऊन हॉलवर आले. टेबल मांडलं, रबराची गादी ठेवली, शाई घातली. मंडळाचे अध्यक्ष होते, गळ्यात बॅज, हातात फोन, सगळीकडे एकाच वेळी. वर्तक साहेब इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी उभे. मास्तरांनी सील फोडलं. शिक्का नवाकोरा, लाकडी मुठीचा. रिवाजाप्रमाणे मी पहिला ठसा वहीत उठवला. नितळ, पूर्ण, एक रेघ इकडची तिकडे नाही. मी खुशीत मान वर केली तर साहेबांचा चेहरा पांढराफटक.

मी परत वहीत पाहिलं. देवळावर शिखर होतं. शिखरावर कळस होता. आणि कळसावर, आई गं, फडकता झेंडा होता!

झालं असं होतं की शिक्का करणारा कारागीर कुठल्यातरी लांबच्या गावचा. त्याने अंबरनाथ कशाला पाहिलंय? त्याला वाटलं, चित्र काढणाऱ्याने घाईत वरचं अर्धवट सोडलंय. बिचाऱ्याने चांगुलपणाने पुरं करून दिलं. रिकामी जागाही आयती होतीच. त्याचा तरी काय दोष? देऊळ म्हटलं की कळस, हे शेंबडं पोरही सांगेल.

अध्यक्ष मात्र खूश. "अहो, काय झकास दिसतंय! पांडवांना जमलं नाही ते पोस्टाने करून दाखवलं!" दोन-चार जण हसले. कुणी म्हणालं, देवळाला कळस हवाच, शुभ असतं.

वर्तक साहेब एवढंच म्हणाले, "हे माझं नाही." आणि आपली पिशवी उचलून बाहेर गेले.

आता करायचं काय? खात्याचे मोठे साहेब वाटेवर होते. शिक्का आजच्या दिवसापुरता. बदलून आणणं शक्य नाही. एका उत्साही सभासदाने सुचवलं, कानस घेऊन वरचं घासून टाकू. साळवी मास्तर कडाडले, "सरकारी शिक्क्याला कानस? माझी पेन्शन घासली जाईल ती कोण देणार?" मीही म्हटलं, शिक्क्याला हात लावायचा नाही. दुसरा कुणी म्हणाला, मग मारूच नका, साधा तारखेचा शिक्का मारा. म्हणजे साहेबांचं चित्र जन्मायच्या आधीच गेलं. आणि मारावा तर त्यांच्या नावावर दुसऱ्याचाच कळस, तोही कायमचा.

मी बाहेर गेले. साहेब शाळेच्या नळापाशी पायरीवर बसले होते. मी म्हटलं, "चला आत. लोक विचारतायत."

"शेवंताबाई," ते म्हणाले, "जन्मभर मी काढायचो आणि वरचे साहेब त्यात सुधारणा करायचे. पगार घेत होतो, बोललो नाही. वाटलं होतं, हे एक तरी माझं, जसं मी पाहिलं तसं जाईल." त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. त्यानेच मला जास्त कसं तरी झालं.

मला राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही. कारागिराचा, अध्यक्षांचा, त्या झेंड्याचा. आणि रागातच मला आमचे ते पहिले पोस्टमास्तर आठवले. शेवंता, हा शिक्का आहे का ग्रहण? मी जागच्या जागी उभी राहिले. अगं बाई! वरचा भाग कोरा ठेवायचा ना? अख्ख्या खात्यात ते माझ्याइतकं कोणाला येतं? त्यापायीच तर शिव्या खाल्ल्यात!

"साहेब, उठा," म्हटलं. "आणि गंमत बघा."

आत येऊन मी आधी रबराची गादी काढून टाकली. मऊ गादीवर सगळं उठतं, मला सगळं उठायला नको होतं. एका वर्गातून लाकडी पाट मागवला. शिक्क्याचं तोंड स्वच्छ पुसलं आणि तो शाईच्या गादीच्या काठावर असा टेकवला की झेंडा, कळस, शिखर सगळं गादीबाहेर लोंबेल. मग मनगट माझ्याकडे कलवलं, सुरुवातीच्या दिवसांत आपोआप कलायचं तसं, आणि रद्दीच्या कागदावर मारला.

पहिल्यांदा जास्त कललं. देवळाचा मंडपच गेला. दुसऱ्यांदा झेंडा-कळस गेले पण शिखराचा बुडखा राहिला. अध्यक्ष कुजबुजले, "बाईंना जमत नाहीये." मी म्हटलं, "दादा, जरा उजेडातून बाजूला व्हा." पुढचा मारला. खाली 'अंबरनाथ' ठसठशीत. तारीख स्वच्छ. वर भिंती, भिंतींवरची नक्षी, आणि मग रेघा फिकट होत होत संपल्या. बाहेरचं कडंही वर तुटलं होतं. देऊळ वरून उघडं, आणि देवळावरचा गोलही उघडा.

वर्तक साहेबांनी तो कागद उचलला. डोळ्याजवळ नेला, तिरका धरला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "असाच मारत राहाल?"

"हात मोडला तरी."

साळवी मास्तर वाकून बघत होते. नियमाचा किडा माणूस. मी म्हटलं, "मास्तर, तिकीट बाद झालं. तारीख दिसते, गाव दिसतं. खात्याला आणखी काय पाहिजे?" मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "मला लांबून नीट दिसत नाही." आणि चार पावलं लांब जाऊन उभे राहिले.

मोठे साहेब आले. हार झाले, भाषणं झाली. मी मारतच होते. नीट शिक्का मारणं सोपं असतं हो, मुद्दाम बिघडवून, आणि तोही दर वेळी तेवढाच बिघडवून मारणं, काय सांगू! मनगट ठणकायला लागलं. मोठ्या साहेबांनी एक पाकीट उचललं, कपाळाला आठी पडली. "वरचा भाग उठत नाहीये का?"

अध्यक्षांनी तोंड उघडलं, तेवढ्यात साळवी मास्तर पुढे झाले. "काय करणार सर, बाई निवृत्तीला आल्यात. हात चालत नाही पूर्वीसारखा."

माझ्या तोंडावर! ज्या हाताचा दाखला लोक देत होते, तो हात! माझी कानशिलं तापली. जिभेवर आलं होतं की साहेब, आणा ती वही, बघा पहिला ठसा. पण समोर वर्तक साहेब उभे होते, पाकीट दोन्ही हातांत धरून. मी मान खाली घातली आणि म्हटलं, "होतं असं कधी कधी." आणि पुढचा मारला.

संग्राहक मंडळींत अजून चर्चा असते म्हणे, चित्र चांगलं, पण मारणाऱ्या बाईने घाण केली. एकाने तर त्या पाकिटाखाली 'ठसा अपुरा' असं लिहून प्रदर्शनात लावलं होतं. ते पाहून माझा तिळपापड झाला. माझे जन्मभरचे चोख शिक्के कुणाच्या ना कुणाच्या केराच्या टोपलीत गेले, आणि फ्रेममध्ये बसला तो हा! पूर्ण ठसा फक्त पोस्टाच्या वहीत आहे, कळसासकट, झेंड्यासकट. तो कुणी बघत नाही.

आता मीही घरी, बुवापाड्यात. परवा पोस्टात गेले होते तर काउंटरवरचा मुलगा मशीनमधून स्टिकर काढून चिकटवत होता. शिक्का कोपऱ्यात पालथा पडलेला. रजिस्टर पोस्टसुद्धा स्पीड पोस्टात मिसळून गेलं. मी म्हटलं, "बाळा, तारीख बदललीस का आज?" तो म्हणाला, "आंटी, सिस्टम में ऑटोमॅटिक आता है." बरं आहे. मनगटं शाबूत राहतील.

पण शेवटचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी हॉलमधून निघताना वर्तक साहेबांनी एक पाकीट माझ्यासमोर ठेवलं होतं. पत्ता त्यांच्याच घरचा, पण नाव नेहमीसारखं स्वतःचं नाही, वहिनींचं. म्हणाले, "हे हातात नको. पोस्टाने जाऊ दे." फॅक्टरीच्या गेटातून एक चिठोरं घरी नेता आलं नाही, त्या माणसाचं ड्रॉइंग पोस्टमनने दारात आणून दिलं.

पुढे संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन त्यांच्याकडे गेले. ते पाकीट बैठकीत भिंतीवर, काचेत. काय घडलं होतं, शिक्का कुणी मारला होता, वहिनींना काहीच ठाऊक नव्हतं. साहेबांनी सांगितलं नव्हतं, आणि मी कशाला सांगू? वहिनी माझ्यासमोरच म्हणाल्या, "एवढं देऊळ काढलं हो यांनी, ऊन नाही बघितलं, पाऊस नाही बघितला. आणि त्या दिवशी पोस्टातली कोण धांदरट बाई बसली होती कोण जाणे, शिक्का बघा, अर्धाच मारलाय."

मी तिळगूळ तोंडात टाकला. दुसरं काय करणार?

वर्तक साहेब पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला. इतक्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज ना मी ऐकला होता ना वहिनींनी.

"अर्धा नाही," ते म्हणाले. "पूर्ण आहे तो."